दरीकडची सीट

बायकोला घेऊन युरोपात गाडीनं फिरलो म्हटल्यावर तुम्हाला लगेच बर्फाचे डोंगर दिसले असतील, खिडकीतून उडणारी ओढणी, मागं कुठंतरी वाजणारी बासरी. डोंगर होते. बाकीचं पुसून टाका. पहिले काही दिवस मी फक्त समोरची काच बघितली, आणि तीही माझ्याच श्वासानं धुरकट झालेली.

रोज चाकणच्या ट्रॅफिकमधून कंपनीत जाणारा माणूस गाडी चालवायला घाबरला, हे ऐकून आमच्या लाइनवरची पोरं हसतील. निघताना माझीही छाती फुगलेलीच होती. सासरे निगडीला राहतात. त्यांनी बजावलं होतं, "जावईबापू, टूरनं जा. बसमध्ये झोपायचं, उतरायचं, फोटो काढायचा." घरी आल्यावर त्यांचाच घोगरा आवाज काढून मी हे बायकोला परत ऐकवलं. ती हसली आणि गाडी बुक झाली. नकलांवर माझं असंच चालतं. तालुक्याच्या शाळेत त्यापायी मार खाल्ला, इकडं कंपनीत त्यावर चहा मिळतो.

तयारी केली नव्हती असं नाही. लायसन्सचं इंटरनॅशनल परमिट दोघांनीही काढलं होतं. तिकडं स्टेअरिंग डावीकडं असतं, म्हणून पुनावळ्याला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी बंद गाडीत डाव्या सीटवर बसायचो आणि उजव्या हातानं हवेत गिअर टाकायचो. वॉचमन येऊन विचारायचा, "साहेब, चावी हरवली का?"

म्युनिकला गाडी ताब्यात घेतली आणि पहिली भीती वाटली ती शांततेची. कुणी हॉर्नच देत नव्हतं. आपल्याकडं हॉर्न वाजला की कळतं, मागं माणूस आहे, जिवंत आहे, चिडलेला आहे. इथं मागून एखादी काळी गाडी गपचूप यायची आणि शेजारून सुसाट निघून जायची. मी इंडिकेटर द्यायला जायचो तर वायपर फिरायचे. बायको शेजारी बसून "उजवीकडून चल, उजवीकडून चल" असा जप करत होती. माझे तळहात इतके ओले की स्टेअरिंग निसटायचं.

ऑस्ट्रियात डोंगरात शिरलो आणि ही सगळी भीती लहानपणीची वाटायला लागली. रस्ता एका गाडीपुरता. मधेमधे गाडी बाजूला घ्यायला जरा रुंद जागा. डावीकडं तासलेल्या डोंगराची भिंत, उजवीकडं दरी, कठडा नाही. तिकडं स्टेअरिंग भिंतीकडं, म्हणजे दरीकडच्या सीटवर बायको.

"खाली गाई मुंग्यांएवढ्या दिसतायत," ती म्हणाली.

मी मॅपवाल्या बाईच्या आवाजात म्हणालो, "थोड्याच वेळात आपण गाईंजवळ पोहोचाल."

ती हसली नाही. खरं तर मीही नाही.

तेवढ्यात वरच्या बाजूच्या तशाच रुंद जागेत एक ट्रॅक्टर दिसला, मागं गवतानं भरलेली ट्रॉली. त्यानं डिपर दिला, दोनदा. आता समोरच्यानं लाइट मारली की आपल्याकडं अर्थ एकच: मी येतोय, तू थांब. चाकणच्या चौकात ज्याला हे कळत नाही, त्याचा बंपर महिनाभरही टिकत नाही. मी शहाण्यासारखा रुंद जागेत थांबलो. ट्रॅक्टर हलला नाही. परत डिपर.

"थांबलोय की बाबा," मी म्हणालो.

तरी तो तिथंच. "झोपला वाटतं. आपणच जाऊ," म्हटलं. आणि मी येतोय हे त्याला कळावं म्हणून रीतसर डिपर देऊन निघालो.

तोही निघाला.

मधल्या वळणावर तोंडाला तोंड. ट्रॉली घेऊन चढावर मागं जाणं त्याला शक्यच नव्हतं. म्हणजे रिव्हर्स मी घ्यायचा, उतारावर, दरीच्या कडेनं. बायकोनं तिचं दार उघडलं असतं तर पाय ठेवायला जमीन नव्हती. मी हँडब्रेक ओढून उतरलो, ती गिअरवरून सरकत माझ्या दारानं बाहेर आली. ती मागं जाऊन उभी राहिली.

"डावं-उजवं म्हणू नको," मी ओरडून सांगितलं, "माझा गोंधळ होतोय. भिंत म्हण नाहीतर दरी म्हण."

"भिंतीकडं घे. येऊ दे. येऊ दे." सोसायटीत गाडी लावताना म्हणते तसंच, फक्त आवाज कापत होता. "येऊ दे. येऊ... दरी. दरी. बास."

मी ब्रेकवर जवळजवळ उभा राहिलो. मागच्या चाकाखालून खडे सुटले. ते खाली पडल्याचा आवाज येईल म्हणून कान लावून बसलो, तो आलाच नाही. डोक्यात एवढंच येत होतं की ती गाडीत नाही, बरंय.

"आता?" मी विचारलं.

"जरा पुढं घे. मग परत भिंत."

असं करत करत रुंद जागेत आलो. ट्रॅक्टरवाला म्हातारा शेजारी येऊन थांबला, त्याच्या भाषेत बरंच काही बोलला. मग त्यानं मूठ दोनदा उघडली-मिटली, म्हणजे लाइट, आणि अदबीनं हात पुढं केला: या, तुम्ही आधी. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तो मला वाट देत होता. आणि माझा डिपर बघून, मीच त्याला बोलावतोय असं तो समजला.

तो गेला, बायको येऊन बसली, आणि जीव वाचल्याच्या भरात मी मूठ उघडझाप करत हुबेहूब त्या म्हाताऱ्याचा आवाज काढला.

"झालं?" ती म्हणाली. "अजून कुणाचा काढायचाय? भीती वाटली तर भीती वाटली म्हणावं ना माणसानं. मला कळायला पाहिजे गाडी कोण चालवतंय."

"अगं, पण त्याच्या डिपरचा अर्थ मला काय माहीत..."

"माहीत नाही तर थांबावं. तो बिचारा वाट देत होता आणि तू त्याला झोपवलंस. चाकणला कुणी देत नाही म्हणून जगात कुणी देतच नाही का? गप्प बस, माझं झालेलं नाही. खडे तू ऐकलेस, मी बघितले. चाक अर्धं बाहेर होतं, अर्धं. 'दरी' म्हणायला तोंड उघडलं तर आधी आवाजच फुटेना. पुढच्या गावात थांब, पाणी पिऊ. तिथनं गाडी मी चालवणार. तू बस दरीकडं."