दोन दांड्यांचं मशीन

मशीनवर बसण्याआधी आबा चपला काढून बाजूला ठेवायचे. गवत कापायचं मशीन ते, खाली पाती गरगर फिरणारी. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाने बूट घालूनच बसा असं बजावलं होतं. पण ज्या रानात जन्मभर अनवाणी पेरणी केली, तिथे बूट घालून बसणं आबांना पटत नव्हतं. कुणी गडबड केली की म्हणायचे, "घाई कुणाला हाय?"

येडशीच्या रस्त्याला त्यांचं शेत. रस्ता रुंद झाला, रानाची कड त्यात गेली आणि रस्त्याकडच्या तुकड्यावर मुलाने लग्नकार्यासाठी लॉन्स काढलं; मागे शेती तशीच राहिली. मी तिथे रुखवत मांडायला जाते, म्हणजे आमची ओळख कामातली. मी त्यांच्या लेकीच्या वयाची, तरी मला ते ताई म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे.

हिरवळ मोठी, म्हणून मुलाने सोलापूरकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून हे जुनं मशीन आणलं. झिरो टर्न म्हणतात त्याला, जागच्या जागी गर्रकन वळतं. स्टिअरिंग नाही, दोन हातांत दोन दांडे. डावा ओढला की डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. मुलाने पहिल्याच फेरीत नारळाच्या झाडाला धडक दिली. आबा म्हणाले, "हे तर बैलाचं कासरं हायेत," आणि सरळ रेषेत निघाले. त्यांचे गुडघे गेलेले. काठी घेऊनही गेटच्या पुढे जाववत नव्हतं. मशीनवर बसले की मात्र सगळं रान पुन्हा त्यांचं व्हायचं.

त्या मशीनची देखभाल पाहिली असती तर तुम्हीही हसला असता. वर्षाची मोठी सर्व्हिसिंग ते खांदमळणीला करायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळतात ना, ती खांदमळणी. बैल कधीच विकले गेले होते. मग आबा मशीनच्या सांध्यांत ग्रीस भरायचे, पात्यांखाली चिकटलेला गवताचा थर उलथण्याने खरवडायचे. धार लावून आणलेलं पातं खिळ्याला अडकवायचे आणि तोल नीट आहे की कुठल्या बाजूला झुकतंय ते मान तिरकी करून बघत बसायचे. घरातलं उलथणं नेल्याबद्दल सूनबाई दर वर्षी तेवढ्याच रागावायच्या.

पोळ्याला मशीन चालवायचं नाही, हा कायदा. एका वर्षी दुसऱ्याच दिवशी कुणाचा तरी निवृत्तीचा कार्यक्रम होता आणि गवत घोट्याच्या वर आलं होतं. मुलाने खूप विनवलं. आबा काही हलले नाहीत. कार्यक्रम उंच गवतातच झाला आणि पाहुण्यांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही.

पण कासरा समजून मशीन चालवलं की एक चूक ठरलेली. बैल थांबवायचे तर दोन्ही कासरे ओढायचे. या मशीनचे दोन्ही दांडे ओढले तर ते मागे पळतं; थांबायला दांडे नुसते सोडायचे. आबांच्या डोक्याला हे ठाऊक होतं, हातांना नव्हतं. एका लग्नाच्या सकाळी त्यांच्यासमोर शेळी आली. आबा बैलांना थांबवतात तसं "हो, हो" करत दांडे छातीशी ओढून बसले. जितकं मशीन मागे जाई तितके ते जास्त ओढत, आणि असे ते थेट माझ्या रुखवतावर आले. साखरेचं तुळशीवृंदावन, करंज्यांची आरास, सगळं भुईसपाट. मी खूप चिडले आणि नको ते बोलले. आबा खाली मान घालून करंज्यांचे तुकडे वेचत होते.

मुलाने त्याच दिवशी किल्ली खिशात घातली. तिथे एखादं लेकरू असतं तर, असं तो म्हणाला, आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

पुढच्या लग्नाला गेले तर आबा गेटपाशी खुर्चीवर. ट्रकवाले, आचारी, मंडपवाले सगळे घाईत होते आणि हे कुणालाच काही म्हणत नव्हते. मला बघून त्यांनी शेजारची खुर्ची पुढे केली.

"ताई, नुकसान तुमचं झालंय. तुमी सांगितलं तर त्यो ऐकंल."

"काय सांगू, आबा?"

"म्हणावं, गवत न्हाय कापत. मला निसतं बांधापातूर जाऊन येऊ द्या."

मला फार वाईट वाटलं. हा माणूस गवतासाठी मशीनवर बसतच नव्हता, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी मुलाशी बोलले. तो म्हणाला, कार्य नसेल त्या दिवशी, पाती बंद ठेवून, आणि तो स्वतः घरी असताना.

अशाच एका रिकाम्या दिवशी मी माझी टेबलं न्यायला गेले होते. आबा हिरवळ ओलांडून तुरीच्या कडेकडेने हळूहळू चालले होते. मी हाक मारणार, तेवढ्यात मुलाने हात धरला. "नका ताई. दचकले तर पुन्हा दांडे ओढतील."

मग आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. आबा बांधाला पोचले, दांडे सोडून नीट थांबले आणि शेताकडे तोंड करून बसून राहिले. परत यायचं त्यांच्या मनात दिसत नव्हतं. मुलगा एकदाही घड्याळ न बघता उभा होता.

दिवाळीनंतर आबा गेले, झोपेतच.

आता गवत कापायला धाराशिवहून एक माणूस येतो. मशीन तेच आहे. माणूस चांगला आहे, कामही चोख करतो. हिरवळ संपली की तिथूनच वळतो. बांधापर्यंत तो कशाला जाईल? तिकडे कापण्यासारखं काही नाही.