मिठीचा मासा आणि जोहड

परवा आमच्याकडे एका माशाने घाम फोडला. मिठी म्हणजे माझी लेक. तिच्या अ‍ॅक्वेरियममध्ये काच चाटून साफ करणारा एक सकर मासा आहे. आणला तेव्हा बोटाएवढा होता, आता आमटीच्या पळीएवढा झालाय... टाकीत त्याला धड वळताही येईना.

सकाळी ऑफिसला निघता निघता सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, हा दुकानात परत देऊन याल?" बाबा दरवर्षी गणपतीला साताऱ्याहून आमच्याकडे दिल्लीत, द्वारकाला येतात.

दुपारी मीटिंगमध्ये त्यांचा मेसेज. 'दुकानदार घेत नाही. मागच्या तळ्यात सोडतो, तेवढंच पुण्य.'

मी लगेच फोन लावला. सोसायटीमागचं ते तळं म्हणजे जुन्या गावचा जोहड. तो साफ करण्यात सोसायटीतल्या आमच्या ग्रुपचे कित्येक रविवार गेलेत. लोकांनी घरचे नको झालेले सकर आणून सोडले होते... ते काठ पोखरायचे, इथल्या माशांची अंडी खायचे. जाळी लावून लावून ते काढले, तेव्हा कुठे यंदा बारकी पिल्लं दिसायला लागली. आणि आता आमच्याच घरातून एक परत...

बाबा फोन उचलेनात. "यार, घर पे इमर्जन्सी है," एवढंच शेजारच्या टेबलावर सांगून निघाले. मेट्रोत सगळा वेळ आळीपाळीने बाबांवर आणि स्वतःवर चिडत होते.

जोहडावर चिटपाखरू नव्हतं. उशीर झाला होता म्हणायचं आणि काय. रडवेली होऊन सोसायटीत शिरले, तर विसर्जनासाठी केलेल्या सिमेंटच्या हौदापाशी बाबा खुर्ची टाकून बसलेले... आणि हौदात आमचा सकर.

"तळ्यात नाही सोडलात?"

"गेलो होतो गं. पण मिठी शाळेत. घरचं माणूस नसताना निरोप कसा द्यायचा? म्हटलं, ती आली की सगळेच जाऊ."

जीव भांड्यात पडला. तिथेच कठड्यावर बसून त्यांना जोहडाची सगळी हकिगत सांगितली. बाबा म्हणाले, "पुण्य करायला गेलो आणि केवढं पाप झालं असतं."

संध्याकाळी आजोबा आणि नात मोठी टाकी घेऊन आले. सकर आमच्याकडेच राहतोय.

विसर्जनाला घरातला शेवटचा माणूस येईपर्यंत बाबा आरती सुरू करू देत नाहीत, म्हणून मी दरवर्षी कुरकुरते. यंदा किती का उशीर होईना... मी थांबणार आहे, मनापासून.