तुरटीमामांचा वस्तरा

आमच्या गल्लीतल्या न्हाव्याला सगळे तुरटीमामा म्हणतात. त्यांच्या खुर्चीतून धड गालानं उठलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मामा दाढी करत नाहीत, गालावर चाल करून जातात. रक्त आलं की तुरटी घासायची आणि वर दम द्यायचा, "श्वास कशाला घेतलास?"

मामांचा जीव एका शिंगाच्या मुठीच्या जुन्या वस्तऱ्यात. वडील गेल्यावर त्यावरून दोघा भावांत जुंपली. मामांनी धाकट्याचा दात पाडला, धाकट्यानं मामांच्या टाळक्यात पितळी वाटी हाणली. तेव्हापासून धाकट्याचं दुकान बरोब्बर समोर. गिऱ्हाइकांच्या डोक्यांवरून शिव्यांची ये-जा चाले.

"आजोबांचा वस्तरा आहे! थोरल्याकडून थोरल्याकडेच जातो!" मामा गरजायचे.

"पुरावा आण, मग बोल!"

शेवटी मामा पुराव्यासाठी, वडिलांच्या काळापासून या वस्तऱ्याला धार लावणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेले. मीही मागोमाग, असला तमाशा कोण सोडतो? म्हाताऱ्यानं वस्तरा उलटसुलट केला, मुठीतली खीळ नखानं खरवडली.

"मूठ तुझ्या आजोबाची. पातं मी बसवलेलं."

"काहीतरीच! मूळचं कुठंय?"

"तुझ्या चुलत्यानं नेलं. तो आणि तुझा बाप इथंच, या दारात भिडले. एकानं मूठ ओढली, एकानं पातं. चुलत्याचं अर्धं बोट माझ्या पायाशी पडलं."

मामांच्या घरात ते बोट गिरणीत गेल्याचं सांगत.

"पण... बाबा तर धाकटे," मामा पुटपुटले.

"धाकटाच. पण हात जड!"

मामांना गप्प बसता आलं असतं. पण पोटात काही ठेवायला धीर लागतो, आणि त्या खात्यात मामांकडे खडखडाट. ते तडक भावाच्या दुकानात शिरले. "थोरल्याबिरल्याचं काही नाही रे. बाबांनीच हिसकावलेला."

"म्हणजे हिसकावेल त्याचा?" धाकट्यानं ब्रश फेकला आणि झेप घेतली.

मामांनी त्याचा कान चावला. त्यानं मामांचं डोकं आरशावर आदळलं; आरसा खळ्ळकन खाली आला. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीखाली सरपटलं. वस्तरा मध्ये, दोघे दोन्ही टोकांना. कट्‌ आवाज झाला. मूठ धाकट्याच्या हातात, पातं मामांच्या तळव्यात रुतलेलं. फरशीवरचा साबणाचा फेस लाल झाला.

धाकटा पांढराफटक पडला. त्यानं पातं उपसलं आणि तुरटीचा खडा जखमेवर दाबून धरला.

मामांची किंकाळी चौकापर्यंत गेली. "आई गं! इतकी झोंबते?"

"मग आम्ही काय हौस म्हणून ओरडत होतो?" खुर्चीखालून आवाज आला. ते गिऱ्हाईक मामांकडूनच पळून आलेलं होतं.

धाकट्यानं मामांचा हात मांडीवर घेतला, एकेक बोट हलवून पाहिलं. "सगळी आहेत ना रे?"

"आहेत. सोड आता."

त्यानं परत एकदा तपासली. मग हाताला टॉवेल घट्ट गुंडाळला, आणि मूठ मात्र गुपचूप स्वतःच्या खिशात टाकली.