नागपूरचं कार्ड अन् माझ्या चार डिस्क

आमचा फोटो स्टुडिओ कारंज्याले, हायवेच्या कडेला. काउंटरवर माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. शूटिंगले माझा नवरा. अन् मागच्या खोलीत मी. तालुक्यातल्या लग्नांचं शूटिंग आलं की त्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर कितीतरी लग्नं मी कापली, जोडली, त्यायले गाणी लावली. पण घरात पद्धत अशी, की सुनेनं भासऱ्यासंग सरळ बोलायचं नाई. मी समोर बसली असली तरी ते नवऱ्यालेच म्हणत, "तिले सांग."

एक दिवस असंच म्हणाले, "तिले सांग, मशीन बदलून राह्यलो. नागपूरवाला व्यापारी नवं, कार्डवालं मशीन लावून देते, अन् चालवाले माणूसही त्याचाच. तिनं आता घर पाहावं."

माझं डोकं भनकलं. खोली मी उभी केली अन् हे आयत्या बिळावरचे नागोबा.

भानगड अशी की लग्न एकाच डिस्कवर ठेवलं अन् ती मेली, तर लग्न गेलं. म्हणून चार डिस्क एकत्र जुंपतात. एक बसली तरी बाकीच्या ओढून नेतात. याले रेड म्हणतात. जुंपायचं काम वेगळं कार्ड करते, नाई तर मशीनमधलं सॉफ्टवेअर. माझं सॉफ्टवेअरचं होतं. ते फुकट मिळते, म्हणून भासऱ्यायले हलकं वाटे.

मी पदर सावरला अन् सरळ त्यायच्याकडे पाहून बोलली, "भाऊजी, तिले सांगाची गरज नाई, ती इथंच बसली आहे. दोन्ही मशीन बाजूबाजूले लावा. माझं कमी पडलं तर मी उठते." नवरा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायले लागला.

नागपूरवाला आपलं मशीन घेऊन आला. तपासायले माल भासऱ्यायनंच निवडला, त्यायच्या पोरीचं लग्न. त्याच्या प्रती दोन्हीकडे चढवल्या. आधी डिस्कवरचं किती वेगानं वाचते तेवढंच पाहिलं, दोघं बरोबरीत. मंग मी म्हटलं, आमच्या सीझनसारखं करू. एका मुहूर्तावर चार मांडव असतात, सगळे कॅमेरे मशीनमध्ये एकदमच रिकामे करा लागतात, अन् तेव्हाच माझं कापणंही चालू असते. तसं केलं, अन् कार्ड पुढे निघालं. खोटं काऊन बोलू, चांगलंच पुढे निघालं. त्याच्यापाशी स्वतःची मेमरी असते, ते लिहिणं झटक्यात झेलते.

भासरे म्हणाले, "झालं मंग."

"नाई झालं," मी म्हटलं. "धावणं तुम्ही मोजलं, आता मरणं मी मोजते. इथलं व्होल्टेज तुम्हाले माहीत आहे. मशीन जळालं असं समजा. डिस्क काढा अन् काउंटरवरच्या जुन्या मशीनले लावा."

नागपूरवाला म्हणाला, "असं कोणी करते का, वहिनी?" मी तोवर स्क्रू काढले होते. माझ्या चारही डिस्क जुन्या मशीनले लावल्या, तेच फुकटचं सॉफ्टवेअर त्यातही होतं. चहा आला तोवर पडद्यावर मुंडावळ्या बांधलेली पोरगी हसत होती.

मंग त्याच्या डिस्क लावल्या. मशीननं विचारलं, या डिस्क कोऱ्या आहेत, वापरायले तयार करू काय?

"संगं कार्डही लावा लागते," तो म्हणाला.

"अन् कार्डच जळालं तर?"

"त्याच जातीचं दुसरं शोधा लागंल."

"तोवर मी पोरीच्या बापाले काय सांगू?"

पोरीचा बाप तिथंच उभा होता. पडद्याकडे पाहत त्यायनं हळूच विचारलं, "म्हणजे लग्न गेलं?"

"नाई गेलं. मूळ प्रत माझ्या कपाटात आहे."

मले त्यायची दया आली, पण राग काही गेला नाई. नागपूरवाल्यानं वायरी गुंडाळल्या. भासऱ्यायनं घसा खाकरला अन् पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून बोलले, "बरं. खोली तुमच्याकडेच राहू देतो."

"देऊन नाई राह्यले तुम्ही, भाऊजी," मी म्हटलं. "काढून घ्यायले आलते. ते जमलं नाई."