उघड्या दारावर टकटक

दार सताड उघडं असलं तरी आपा त्यावर बोटांनी टकटक करायच्या. मग उंबऱ्याबाहेर थांबून विचारायच्या, "घरात हाय का कोनी?"

आमच्या घरातला 'कोणी' म्हणजे समोरच सोफ्यावर बनियनवर आडवा पडलेला मी. त्यांना मी दिसत असे, मला त्या. तरी "या आपा" म्हटल्याशिवाय त्यांचं पाऊल आत पडत नसे. तेवढ्यात मला शर्ट सापडायचा. बायको म्हणायची, "त्यांच्या टकटकीवर या घराची अब्रू टिकून आहे."

नेरूळच्या आमच्या सोसायटीत, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहत. माहेर-सासर दोन्ही रायगडच्या किनाऱ्यावरचं, कोकणी मुसलमानांचं. यजमानांचं तुर्भ्याला ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. ते वारले, आणि एकुलती मुलगी लग्न होऊन मस्कतला गेली. आईने व्हिडिओ बघत वेळ काढावा म्हणून तिने एक टॅब पाठवला. आपांनी त्यावर लिहायला सुरुवात केली.

लिहिण्याच्या बाबतीत मी सोसायटीतला अधिकारी माणूस. माझा ब्लॉग होता. आत्या-मामांच्या गमती लिहायचो. ज्यांच्यावर लिहिलं त्यांनी एकेक करून बोलणं सोडलं, मग मी लिहिणं सोडलं. पण तो ब्लॉग मराठी ब्लॉगांच्या एका ऑनलाइन सूचीत घेतला गेला होता, आणि ही बातमी माझी लिफ्टमध्येही सांगून झाली होती. त्यामुळे ब्लॉग काढून द्या म्हणून आपा माझ्याकडेच आल्या. दिला काढून.

थोड्या दिवसांनी पुन्हा टकटक.

"भाऊ, माझं वाचतं कोन?"

"मी वाचतो ना!"

"तुमी समोर ऱ्हाता. तुमाला मी तोंडानं पन सांगीन." मग म्हणाल्या, "गाव सुटला, दुकान सुटलं, पोरगी लांब. मला शेजार पायजे हो."

मी सूचीबद्दल सांगितलं. एक गृहस्थ ती चालवतात. ब्लॉग पसंत पडला तर नाव लावतात, मग कुठकुठले मराठी लोक वाचायला येतात. आपांनी यादी उघडायला लावली. खाली सरकवत राहिल्या, नावं संपेनात.

"ही तर अख्खी वसाहत हाय!"

मी अर्ज भरायला घेतला तर माझा हात धरला. "थांबा. आधी सगल्यांकडं जाऊन येते. नव्या जागी ऱ्हायला जायचं तर पैला दारादारावर जाऊन सलाम करायचा. आमच्यात तसंच."

मला आठवलं, या बिल्डिंगमध्ये आल्या तेव्हाही सामान खाली टेम्पोत ठेवून त्या आधी सगळे मजले चढल्या होत्या. लिफ्ट बंद होती.

तुम्ही हसला असता. मीही हसलो. दोन दिवसांत कंटाळतील, म्हटलं. त्यानंतर कितीतरी आठवडे आपा त्या वसाहतीत फिरत होत्या. एकेक ब्लॉग वाचायचा आणि खाली एका बोटाने लिहायचं. सुरुवात ठरलेली, "टकटक. घरात हाय का कोनी?" पुढचं ज्याचं त्याला. सायकलवर भटकणाऱ्याला, "घाटात ब्रेक जपा." एका कवितेखाली, "समजली नाय, पन रडू आलं." शेअर बाजारवाल्याला, "यातलं मला काय कळत नाय. तुमी जेवता ना टायमावर?" स्वतःच्या ब्लॉगबद्दल मात्र अवाक्षर नाही. "पैल्या भेटीत आपलं कवतिक सांगायचं नसतं, भाऊ."

त्यातले बरेच ब्लॉग बंद पडलेले. मी म्हटलं, "आपा, हे सोडा. इथे मालकही फिरकत नाही."

"कुलूप हाय म्हनून सलाम चुकवायचा? तो येईल तवा त्याला कळंल, कोनतरी येऊन गेलं."

एक दिवस माझ्या ब्लॉगवरही आल्या. "टकटक. समोरच ऱ्हाते. तुमच्या आत्याचं वाचून हसले. तिचं पुढं काय झालं?" मी पलीकडे जाऊन सांगायला उठलो तर बायको म्हणाली, "त्यांनी तिथे विचारलंय. तिथेच लिही." लिहायला बसलो. बोटं पार गंजली होती.

सगळी दारं झाल्यावर आपांनी अर्ज केला. उत्तर आलं ते मीच वाचून दाखवलं. 'आपण सूचीतील प्रत्येक ब्लॉगवर प्रतिक्रिया टाकून स्वतःच्या ब्लॉगची जाहिरात करीत आहात. असे ब्लॉग घेतले जात नाहीत.'

आपांनी टॅब पालथा ठेवला. "दारावरून हाकललं," एवढंच म्हणाल्या. चहा तसाच राहिला.

मी तावातावाने एक खरमरीत मेल लिहायला घेतली. माझा राग व्याकरणशुद्ध असतो, त्याला वेळ लागतो. तोवर आपांनी टॅब पुन्हा उचलला होता. "भाऊ, चूक माझीच झाली. या सायबांच्या घरी जायचं ऱ्हायलंच की!"

खरंच, सूची चालवणाऱ्या त्या गृहस्थांचाही एक ब्लॉग होता, यादीत नव्हे, पानाच्या अगदी तळाशी. पत्नी गेल्यावर त्यांनी तो थांबवलेला. शेवटचं लिखाण तिने गॅलरीत लावलेल्या अनंताच्या झाडावर होतं. आपांनी ते वाचलं, डोळे पुसले आणि लिहिलं, "टकटक. घरात हाय का कोनी? तुमच्या वसाहतीत मी कायबी विकायला आलेली नाय. वहिनींच्या अनंताला पानी घालता ना?"

माझी मेल मी खोडून टाकली.

ते गृहस्थ आपांच्या ब्लॉगवर आले असावेत ते त्यानंतर. तिथे पहिलंच लिखाण वडिलांवर होतं. वडील बोटीवर खलाशी होते. आपांनी लिहिलं होतं, 'बाप लय महिन्यांनी घरी यायचा. दार उघडं असलं तरी टकटक करायचा. आई हसायची, सोताच्या घरात कोन टकटक करतं? तो म्हनायचा, मी नसताना तुमी इथं जगलाव. कशात असाल, मला काय म्हाईत? हाक घालून आत आलेलं बरं.'

मी ते आधीच वाचलं होतं. खाली 'छान' असं लिहूनही आलो होतो. त्यात काय होतं ते मला आता कळत होतं.

उत्तर आलं. 'अनंत जगला आहे. आपल्या सगळ्या प्रतिक्रिया वाचल्या, एकीसारखी दुसरी नाही. वसाहतीत आपले स्वागत.'

पण मी थक्क झालो ते त्याच्या पुढच्या दिवसांत. बंद पडलेल्या ब्लॉगांवर एकेक दिवा लागावा तशी आपांना उत्तरं येऊ लागली. "आहे आपा, घरातच आहे. आत या." आईच्या आजारपणात लिहिणं सुटलेली एक बाई. नोकरी गेल्यावर गप्प झालेला कुणी. ज्यांना त्यांच्या घरच्यांनीही 'हल्ली लिहीत नाहीस का' असं विचारलं नसेल, ते एका बोटाच्या टकटकीला ओ देत होते. मला गेली कित्येक वर्षं ती नुसती नावांची यादी वाटत होती.

आपा तांदळाच्या गोड सांदणांची थाळी घेऊन दारात उभ्या राहिल्या. टकटक केलं. "शेजार मिलाला, भाऊ."

मागच्या वर्षी आपा गेल्या. झोपेतच. मुलगी आली, सगळं आवरून फ्लॅटला कुलूप लावून गेली.

परवा कळलं, सूचीची साफसफाई चालली आहे, न चालणारे ब्लॉग काढताहेत. लगेच यादी उघडली. माझं नाव होतं. आत्याचं पुढे काय झालं ते अजून लिहून संपायचंय. आपांचंही होतं. फक्त त्यापुढे सूचीवाल्यांनी एक ओळ घातली होती, 'मालकीणबाई घरात नाहीत. दार उघडं आहे. टकटक करून आत यावे.'

मी सोफ्यावर बनियनवर पडलो होतो. उठलो, शर्ट घातला, बटणं लावली. मग टकटक केलं.