करुणाताईची बत्तीस माणसं

फोन आला तेव्हा मी दिघीतल्या आमच्या शाळेत नववीच्या वर्गावर सुपरव्हिजन करत होते. दुपारच्या सत्रातला विज्ञानाचा पेपर, शेवटची चाळीस मिनिटं उरलेली. वर्गात फोन घेत नाही मी, पण नंबर जोसेफचा होता. जोसेफ हा कोचीतला बसचा ड्रायव्हर, माझ्या थोरल्या बहिणीबरोबर नऊ वर्षं काम केलेला. तो मला कधीच फोन करत नसे. दारात उभं राहून घेतला. "मॅडम, सब पॅसेंजर शिप में चढ गया," तो म्हणाला. मला वाटलं, चुकून लागला. मग तो म्हणाला, "उसके बाद ताई गिर गया. हम हॉस्पिटल लेके गया..." तिच्या फोनवरचं माझं बोलणं ऐकून ऐकून 'ताई' हेच तिचं नाव आहे, असं तो समजत आला होता. पुढचं वाक्य त्याला हिंदीत जुळवता येईना. शेवटी एवढंच म्हणाला, "नहीं है, मॅडम."

मी "ठीक आहे" म्हणाले आणि वर्गात परत आले. एका मुलीला पुरवणी हवी होती, ती दिली. वेळ संपल्यावर पेपर गोळा केले, पटावरच्या संख्येशी ताडून पाहिले, गठ्ठा बांधला, सही केली. स्टाफरूममध्ये कुणाला काही सांगितलं नाही. रिक्षात बसल्यावर रिक्षावाल्याने कुठे जायचं विचारलं तर मला पिंपळे सौदागर हे नाव आठवेना. मी तिथे अकरा वर्षं राहते.

घरी आई होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, "जेवली होती का ती?"

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. करुणाताईविषयी लिहायचं तर तिच्या कामापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण आमच्या नातेवाइकांना ते काम शेवटपर्यंत नीट कळलं नाही. थंडीच्या दिवसांत युरोपातून मोठाली प्रवासी जहाजं कोचीच्या बंदरात येतात. सकाळी लागतात, संध्याकाळी सुटतात. मधल्या वेळात प्रवाशांच्या सहली निघतात, कुणी बॅकवॉटरला, कुणी मसाल्यांच्या बाजाराला. त्यातली एक सहल केरळातल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती स्थळांची. ती जर्मन भाषेतून ताई करायची. एका बसमध्ये बत्तीस माणसं, बहुतेक सत्तरीच्या पुढची. त्यांना कोट्टायमपर्यंत न्यायचं, तिथल्या प्राचीन चर्चमधला दगडी क्रूस दाखवायचा, त्याच्या भोवतीची जुन्या इराणातली पहलवी अक्षरं दाखवायची, वाटेतली आणखी एक-दोन ठिकाणं करायची आणि जहाज सुटायच्या आत सगळ्यांना परत आणायचं.

पिंपरीतल्या कामगार वस्तीतली, बौद्ध घरातली मुलगी हे करते म्हटल्यावर प्रश्न यायचेच. आमच्या एका आत्याने तर लग्नाच्या मांडवात सर्वांसमक्ष विचारलं, "काय गं करुणा, धर्म बदलला म्हणे तू?" ताई वरणभात कालवत होती. ती म्हणाली, "आत्या, कार्ल्याची लेणी बघायला गोरी माणसं येतात. ती काय सगळी बौद्ध असतात का?" कार्ल्याचं उदाहरण तिने उगाच दिलं नव्हतं. लहानपणी आप्पा आम्हा दोघींना तिथे न्यायचे. आप्पा पिंपरीतल्या एका कंपनीत मोल्डिंग शॉपला होते, सुट्टीच्या दिवशी लोकलने मळवली आणि तिथून चालत. चैत्यगृहातल्या खांबांना हात लावून ते सांगायचे, "हे खांब बाहेरदेशातल्या यवन व्यापाऱ्यांनी दिलेत. नावं कोरलीत इथं." आप्पांना ती लिपी वाचता येत नव्हती. त्यांना कुणीतरी सांगितलेलं, ते आम्हाला सांगायचे. मला त्या चढणीचा कंटाळा यायचा. ताई मात्र त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहायची.

जर्मन ती शिकली ती गरज म्हणून. चाकणच्या एका कंपनीत ती स्टोअरला क्लार्क होती. तिथे मशिनरी बसवायला जर्मन इंजिनिअर यायचे. त्यांचं नि आपल्या फिटर लोकांचं काही जुळायचं नाही. ताईने पुण्यात संध्याकाळचा क्लास लावला आणि पाच वर्षांत ती शॉपफ्लोअरवर दुभाषी म्हणून उभी राहिली. एकदा एक इंजिनिअर तांबडालाल होऊन मिनिटभर ओरडत होता. समोर जवळच्या गावातला एक वयस्क फिटर, मान खाली घालून उभा. ओरडणं संपल्यावर ताई त्याला म्हणाली, "मामा, साहेब म्हणतात बोल्ट पुन्हा एकदा बघून घ्या." फिटर म्हणाला, "ताई, एवढंच बोलला व्हय त्यो?" ताई म्हणाली, "बाकीचं तुमच्यासाठी नव्हतं." हा किस्सा ती हसत सांगायची नाही. कुणाला काय सांगायचं आणि किती सांगायचं, याचा ती फार गंभीरपणे विचार करायची.

चाळिशी ओलांडल्यावर तिने ती कायमची नोकरी सोडली. गाइडचं प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली, परवाना मिळवला. जर्मन बोलणारे गाइड कमी, म्हणून कोचीहून बोलावणं आलं. आप्पा आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. निघताना मात्र तिची बॅग उचलून चिंचवड स्टेशनपर्यंत आले. मी आले नव्हते. लग्न केलं नाही, आता घरही सोडून चालली, आईवडिलांचं सगळं माझ्यावर टाकून... असं माझ्या मनात होतं. मनात कशाला, बोलूनही दाखवलं होतं.

पहिल्या दोन वर्षांतच तिचं तिथल्या सहलींच्या कंपनीशी वाजलं. येशूचा शिष्य सेंट थॉमस याच किनाऱ्यावर उतरला, असं तिने ठासून सांगावं, असं त्यांचं म्हणणं होतं. ताई सांगायची, "इथली माणसं पिढ्यान् पिढ्या असं मानत आली आहेत. लेखी पुरावा नाही. पण मानणं फार जुनं आहे." एका प्रवाशाने तक्रार केली आणि पुढच्या हंगामात तिला बोलावलंच नाही. ती परत चाकणला, कंत्राटी दुभाषी म्हणून शिफ्ट करायला लागली. मी तिला म्हटलं, "म्हणून टाकायचं ना गं. कुणाचं काय जातं?" ती म्हणाली, "त्यांचं जातं, सुजा. घरी जाऊन ती नातवंडांना सांगणार, आम्ही पाहून आलो म्हणून." वर्षभराने दुसऱ्या एका कंपनीने तिला बोलावलं. ती गेली, आणि पुन्हा तेच, तसंच सांगू लागली.

आता जे लिहायचं आहे ते टाळत होते. आप्पा जानेवारीत गेले. ऐन हंगाम. चिंचवडच्या हॉस्पिटलमध्ये दोन दिवस होते, बरे होतील असंच डॉक्टर म्हणत होते, आणि सकाळी अकराच्या सुमाराला गेले. मी ताईला फोन केला. ती कोट्टायमला होती. मी म्हणाले, "आप्पा गेले." पलीकडे चर्चमधला गुणगुणाट ऐकू येत होता. ती म्हणाली, "बरं." मग थोड्या वेळाने, "मी येते." आणि फोन ठेवला. ती आली दुसऱ्या दिवशी सकाळी. आदल्या दिवशी तिने सहल पूर्ण केली होती, माणसं जहाजावर पोचवली होती आणि मग पहाटेचं विमान पकडलं होतं. तोवर आप्पांना आम्ही संध्याकाळीच पोचवून आलो होतो. त्यांच्या रिकाम्या कॉटपाशी ती चपला हातात घेऊन उभी राहिली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यानंतर दोन वर्षं आम्ही आईच्या औषधांपुरतंच बोललो.

शेवटी आईनेच मला तिच्याकडे पाठवलं. दिवाळीच्या सुट्टीत म्हणाली, "एकदा बघून ये, काय करते ती तिथं. नाहीतर माझ्यामागं तुम्ही दोघी एकमेकींचं तोंड बघणार नाही." मी गेले. ताईने काही न विचारता मला बसमध्ये जोसेफच्या मागच्या सीटवर बसवलं. मला जर्मन येत नाही. दिवसभर मी फक्त तिच्याकडे बघत होते. आमच्या घरात ती खालच्या आवाजात बोलायची. इथे माइक हातात घेऊन उभी राहिली की तिची मान ताठ व्हायची. कुणाला पायरी दिसत नाही, कुणाला गोळी घ्यायची आहे, कोण रांगेत मागे पडतंय, सगळं तिला न वळता कळायचं. त्या दगडी क्रूसापुढे एका बाईने तिला काहीतरी तावातावाने विचारलं. ताईने शांतपणे उत्तर दिलं. बाई बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत उभी राहिली. मी नंतर विचारलं, काय म्हणत होती? "म्हणत होती, एवढ्या लांब आले, मला नक्की काय ते सांगा, काय लिहिलंय इथे? मी म्हटलं, जाणकारांनी वेगवेगळं वाचलंय. नक्की एवढंच की कुणालातरी ते कायमचं राहावंसं वाटलं."

माणसं फोटो काढत होती तेव्हा तिने मला बाजूच्या दारापाशी नेलं. तिथे एक झिजलेली पायरी होती. "इथं उभी होते मी," ती म्हणाली. "तुझा फोन आला तेव्हा."

मी त्या पायरीकडे बघितलं.

"आत बत्तीस माणसं होती, सुजा. त्यांना रस्ता माहीत नाही, भाषा माहीत नाही. जहाज थांबत नाही कुणासाठी. त्यांना कुणाच्या हवाली करणार होते?" मग ती म्हणाली, "मी आत गेले आणि राहिलेलं सगळं सांगितलं. एक वाक्य चुकलं नाही. एक तारीख चुकली नाही... तेच अजून सहन होत नाही मला."

तेव्हा मी तिला सांगितलं. आप्पांना सकाळपर्यंत ठेवता आलं असतं. हॉस्पिटलने तयारी दाखवली होती, नातेवाईकही थांबायला तयार होते. मीच म्हणाले होते, नको, तिला यायचं असतं तर ती निघाली असती. दोन वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

ताई म्हणाली, "माहीत आहे. आईने सांगितलं तेव्हाच."

मी म्हटलं, "मग बोलली नाहीस ती?"

"काय बोलणार? मी नव्हते, हे खरंच होतं ना." आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, पदराला लागलेली धूळ झटकली आणि म्हणाली, "चल, माणसं बसमध्ये बसली." एवढंच. त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी मला फोन करायची. फार काही बोलायची नाही. पुनावळ्याच्या पुलाखाली ट्रॅफिक किती आहे असल्या गोष्टी विचारायची, तिला त्याचा काय उपयोग होता कुणास ठाऊक.

सहा वर्षं चाललं तसं. या वर्षी हंगामाच्या शेवटी शेवटी ती दमल्यासारखी वाटायची. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. म्हणाली, शेवटची तीन जहाजं आहेत, ती झाली की येतेच. दुसऱ्या जहाजाच्या दिवशी ती धक्क्यावर कोसळली. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. जोसेफ विमानातून तिच्याबरोबर आला. तो आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला होता. आम्ही थांबलो होतो. सगळे थांबले होते, नातेवाईक, सोसायटीतले, चाकणच्या कंपनीतली तिच्या वेळची चार-पाच माणसं. पांढऱ्या साड्या नेसून आम्ही त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं. माझा आवाज कुठे अडखळला नाही. बायका मला म्हणाल्या, रडून घे. मी हो म्हणाले. घरी आल्यावर सगळ्यांना चहा केला, कपबशा विसळल्या, दुसऱ्या दिवशीचे पेपर तपासायला काढले. मला स्वतःचीच भीती वाटायला लागली होती.

गेल्या आठवड्यात तिची खोली रिकामी करायला कोचीला गेले. घरमालकीण अन्नम्मा, आईच्याच वयाची. तिला थोडं इंग्रजी येतं. खोलीत फारसं काही नव्हतंच. चार साड्या, दोन शब्दकोश, आप्पांचा एक लहान फोटो. सगळं एका बॅगेत मावलं. निघताना अन्नम्माने मला मागच्या अंगणात नेलं. दोरीवर मोजे वाळत होते. करडे, सुती, वीसेक जोड तरी असतील. मला कळेना. अन्नम्माने खुणा करत सांगितलं, तिथल्या जुन्या चर्चमध्ये चपला बाहेर काढून जायची रीत आहे. म्हाताऱ्या माणसांचे पाय दगडांवर भाजतात. म्हणून करुणा मोज्यांची एक पिशवी घेऊन जायची, परत आल्यावर सगळे धुवायची; हे आधीच्या जहाजाच्या वेळचे, तिनेच वाळत घातलेले. मधल्या काळात दोनदा पाऊस येऊन गेला होता, मोजे भिजून पुन्हा वाळले होते. "मी काढले नाहीत," अन्नम्मा म्हणाली. "तुम्हा घरच्यांचं ते काम."

मी चिमटे काढत गेले. मोजे उन्हाने कडक झाले होते. एकेक जोड लावून, गुंडाळून पिशवीत टाकत होते. जोसेफला द्यायचे ठरवलं, नोव्हेंबरात नवीन गाइड येईल, तिला लागतील. ऊन डोक्यावर आलेलं. अन्नम्मा सावलीतून मला काहीतरी म्हणत होती, दोन-तीनदा म्हणाली, मग माझ्या पायांकडे बोट दाखवलं. मी खाली पाहिलं. आत येताना चपला दाराशी काढल्या होत्या, आणि इतका वेळ मी अनवाणी त्या फरशीवर उभी होते. फरशी तव्यासारखी तापली होती. पाय भाजतायत, हे तेव्हा कळलं मला... एकदम कळलं, आणि उभं राहवेना. मी तिथेच पायरीवर बसले, पिशवीतला वरचा जोड काढला, उलगडला आणि पायांत घातला.