पोह्यांचं बोलावणं भलत्यालाच

मंडळी, आज सकाळी मी भारी गडबड केली.

मी पोहे करत होते. माझी दहा वर्षांची सई हॉलमध्ये मोबाईलवर गेम खेळत होती. स्पीकर चालू, आणि तिचं "भिया, इकडून चला ना!" सुरू. भिया म्हणजे दादा, म्हणून मला वाटलं, नणंदेचा अजय असेल. तो नुकताच इथे इंदूरात, भंवरकुआं भागात कोचिंगसाठी आलाय, आमचं घर अजून पाहिलं नाही. पोहे तयार असले की आपण इंदूरवाले कुठे विचार करतो? मी किचनमधूनच ओरडले, "अरे, नाश्त्याला ये! राजवाड्याहून ऑटो पकड, घर मंदिराच्या अगदी समोर..."

"कौन-सा मंदिर, आंटी?" स्पीकरवरून आवाज आला.

अजय मला मामी म्हणतो.

सईने झटकन गेम बंद केला. "आई, हा गेममधला आहे. मी नाही ओळखत. रोज विचारतो, कुठे राहते म्हणून. मी तर कधीच नाही सांगितलं!"

दोघींनी मिळून त्याला ब्लॉक केलं. मग मी विचारलं, "रोज विचारायचा, तर मला का नाही सांगितलंस?"

"तू मोबाईल काढून घेतला असता ना."

खरं सांगते, तेव्हा मोबाईल माझ्या हातात होता आणि मी तो कपाटात बंद करायला निघाले होते.

तुम्ही काय केलं असतं?